पंचविसावी गोष्ट

माझ्याकडे एक वही आहे. दोनशे पानांची, निळ्या पुठ्ठ्याची. सरकारी कारकुनाच्या हाती पडलेल्या वहीचे जे व्हायचे तेच तिचेही झाले आहे. पहिल्या पानावर अनुक्रमणिका, डाव्या बाजूला समासाची लाल रेघ आणि प्रत्येक नोंदीला क्रमांक. फरक एवढाच की या वहीत आवक-जावक नाही, भुते आहेत.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी ही वही सुरू केली. आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावी आजीच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी आठवतील तशा उतरवून काढाव्यात, एवढाच तेव्हा बेत होता. आजीला गावातली सगळी भुते त्यांच्या पत्त्यासकट ठाऊक होती. पिंपळावर मुंजा, पडक्या घुमटीशी समंध, व्हाळाच्या वळणावर पाण्यात ओढणारा गिऱ्हा, बांधावरून मशाल घेऊन जाणारा देवचार. टपालवाल्याला घरे माहीत असावीत तशी तिला ही ठिकाणे माहीत होती. पुढे कॉलेजात असताना नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके वाचनालयातून आणून अधाशासारखी वाचली आणि वाटले, आपल्याकडेही असा ऐवज आहे, नुसता लिहायचा बाकी आहे. मग मी उतरवून काढण्यावर थांबलो नाही. गोष्टींना सुरुवात दिली, शेवट दिला, मधे थोडा पाऊस, थोडा अंधार घातला. बी.ए.ला मराठी घेतल्याचा काहीतरी उपयोग व्हायला हवा ना!

असे करता करता चोवीस गोष्टी झाल्या आणि तिथे मी अडलो. चोवीस हा आकडा काही बरा वाटेना. भुतांच्या कथांचे पुस्तक काढायचे तर पंचवीस हव्यात, कारण आपल्याकडची भुताने सांगितलेली सगळ्यांत प्रसिद्ध पोथी पंचविशीच आहे. मी म्हणतोय ती वेताळपंचविशी. माझ्या पिढीने ती ‘चांदोबा’त वाचली आणि दूरदर्शनवर रविवारी पाहिली. राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी कूटप्रश्न विचारतो, राजा तोंड उघडतो आणि वेताळ परत झाडावर. लहानपणी आम्हाला विक्रम राजाचा रागच यायचा. गप्प बसायला काय होते याला!

गोव्याच्या माणसाला वेताळ हा काही परका नव्हे. इतर ठिकाणी तो भूत असेल, आपल्याकडे तो देव आहे. बेताळभाटी गावाचे नावच त्याच्यावरून आले. आमोण्यात त्याचे देऊळ आहे, पैंगीणला आहे, लोलयेला त्याची भव्य नग्न पाषाणमूर्ती आहे. रात्रभर तो गावाभोवती फिरतो, राखण करतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात आणि भाविक त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात. मला ही कल्पना फार आवडते. देवाला सोने-नाणे देणे वेगळे आणि ‘तू आमच्यासाठी चालतोस, तुझे तळवे भाजत असतील’ म्हणून वहाणा देणे वेगळे. साळच्या गड्यांच्या जत्रेत तर होळीच्या दिवसांत रात्री देवचार गड्यांना रानात घेऊन जातो आणि लोक श्वास रोखून डोंगरावरच्या उजेडाकडे पाहत बसतात. भुताशी असे घरोब्याचे नाते असलेल्या मुलखातला मी. माझ्या वहीतली भुतेही मला घरचीच वाटत. त्यांतले एक खरोखरच घरचे आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

२०२२च्या चवथीला सगळे भाऊबंद गावच्या घरी जमले होते. दीड दिवसाचा गणपती. रात्री आरत्या झाल्या आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. मुलांनी आग्रह धरला, “भुताची गोष्ट!” मी वही काढली आणि टॉर्चच्या उजेडात सात नंबरची गोष्ट वाचली, ‘तळीवरची आल्वंतीण’. आल्वंतीण म्हणजे पोटुशी किंवा बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत, हे आपल्याकडे सांगायला नको. आमच्या कुळागराच्या तळीवर पावसाळ्यातल्या अवसेला ती बाळोती धुताना दिसते. कुणी विचारले, ‘बाळ कुणाचे गे?’ की ती मान फिरवते, पाऊल मात्र उलटेच राहते. ही माझी हुकमी गोष्ट. ऑफिसच्या सहलीला सांगितली तेव्हा टंकलेखन विभागातल्या बायका किंचाळल्या होत्या. चवथीलाही मुले किंचाळली. तेवढ्या गोंधळात माझी थोरली आते सोप्यावरून उठली आणि भिंतीला हात लावत आत निघून गेली. वय शहाऐंशी. मला वाटले, झोप आली असेल.

त्याच वर्षी डिसेंबरात एल.टी.सी. घेतली. उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर असा बेत. पत्नीला महाकाल पाहायचा होता, मुलीला अहिल्याबाईंचा घाट. मला मनातून विक्रम राजाची उज्जैन पाहायची होती, पण ते मी रजेच्या अर्जात लिहिले नाही. उज्जैन झाल्यावर इंदूरहून भाड्याची गाडी करून आम्ही महेश्वरकडे निघालो. माळव्याचे पठार संपले आणि विंध्याचा उतार लागला. खाली निमाडचे मैदान, त्यापलीकडे नर्मदा. आग्रा-मुंबई महामार्गावरचा हा घाट मोठा दगाबाज. उतार लांबलचक, जड ट्रकांचे ब्रेक तापतात, लागेनासे होतात आणि मग पुढे जे कोण असेल त्याच्यावर ट्रक जातो. आमचा चालक गाडी दाबून चालवत होता आणि एकीकडे कपाळाला हात लावून देवाचे नाव घेत होता. घाट उतरलो तर गाडीच तापली. कशीबशी धामनोदपर्यंत आली आणि तिथे एका गॅरेजसमोर तिने मान टाकली. दोन तास लागतील, असे मेकॅनिक म्हणाला.

धामनोद हे धार जिल्ह्यातले, रस्त्यावरचे गाव. बाजारपेठ, कापसाने भरलेल्या गाड्या, ट्रकवाल्यांचे ढाबे. महेश्वरला जाणारे इथून वळतात, मुंबईकडे जाणारे तसेच पुढे खलघाटला नर्मदा ओलांडतात. मुद्दाम पाहायला यावे असे इथे काही नाही, निदान आम्हाला तरी कुणी सांगितले नव्हते. गॅरेजशेजारी चहाची टपरी होती, तिच्या बाकावर आम्ही बसलो. मुलगी कंटाळली. मागे विंध्याची रांग दिसत होती. तिच्याकडे बोट दाखवून मी म्हटले, “वेताळाच्या गोष्टी कुठून आल्या ठाऊक आहे? त्या तिथून.”

गंमत पाहा. वेताळाच्या गोष्टी आज आपण ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात वाचतो. तो काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात संस्कृतात रचला. पण सोमदेवाचा वेताळ ज्या राजाच्या खांद्यावर बसतो तो राजा उज्जैनचा नव्हे, गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा आहे, म्हणजे आपल्या पैठणचा. आणि सोमदेव स्वतःच सांगतो की आपण एका जुन्या ग्रंथाचे सार तेवढे देत आहोत. तो जुना ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. तो आज उपलब्ध नाही. त्याची हकिगत मात्र शिल्लक आहे, आणि ती कुठल्याही भूतकथेला हार जाणार नाही.

पैठणचा सातवाहन राजा राण्यांसह पाण्यात खेळत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे मा उदकैः, पाण्याने मारू नकोस. राजाला संस्कृत येत नव्हते. त्याने मोदक मागवले! राण्या हसल्या, राजाने लाजेने अंथरूण धरले. मला संस्कृत शिकवा, म्हणाला. गुणाढ्य हा दरबारातला पंडित. तो म्हणाला, सहा वर्षे लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्याने पैज लावली. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा मी सोडीन. पैज तो हरला. माणसांच्या सगळ्या भाषा संपल्या. मुका होऊन तो विंध्यारण्यात गेला आणि तिथे पिशाच्चांची बोली शिकला. काणभूती नावाच्या पिशाच्चाने त्याला गोष्टी सांगितल्या. रानात शाई कुठली? सात वर्षे बसून गुणाढ्याने स्वतःच्या रक्ताने सात लक्ष श्लोक लिहिले आणि राजाकडे पाठवले. राजा आता संस्कृत शिकलेला. भाषा पिशाच्चांची, अक्षरे रक्ताची, असे म्हणून त्याने ते परत पाठवले. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटवला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि जाळायचे. जनावरे चरायची थांबली, भोवती उभी राहून ऐकू लागली, डोळ्यांतून पाणी गाळू लागली. राजाच्या ताटातले मांस शुष्क झाले तेव्हा चौकशी झाली आणि राजा धावत आला. तोवर सहा लक्ष श्लोक जळाले होते. उरलेला एक लक्ष वाचला.

“आणि काणभूतीचे काय झाले?” मुलीने विचारले.

मला बरे वाटले, कारण तीच माझी आवडती जागा. काणभूती मुळात यक्ष, शापाने पिशाच्च झालेला. त्याला उःशाप असा होता की ही कथा तू एकाकडून ऐकशील आणि दुसऱ्याला सांगशील, तेव्हा सुटशील. म्हणजे मंत्र नाही, नारळ नाही, गंडा-दोरा नाही. गोष्ट ऐकणारा माणूस भेटला की भूत सुटते.

आमचे बोलणे टपरीवाला ऐकत होता. साठीच्या आसपासचा माणूस, डोक्याला मफलर. त्याला मराठी बरेचसे समजत होते, कारण टपरीवर महाराष्ट्रातले ड्रायव्हर रोजचेच. मला माझा पंचविसावा नंबर आठवला. असा घाट, असे अपघात, इथे भुताची एखादी गोष्ट नक्की असणार. मी सरळ विचारले, “बाबूजी, घाटात भूतबीत दिसते म्हणतात, खरे का?”

त्याने ग्लास विसळणे थांबवले नाही. त्याच्या निमाडी वळणाच्या हिंदीत तो म्हणाला, “सांगणारे सांगतात साहेब. पांढऱ्या साडीतली बाई आडवी येते म्हणतात. मी चाळीस वर्षे चहा विकतोय. घाटात ब्रेक लागत नाहीत, म्हणून माणूस मरतो. पण बाई आडवी आली म्हटले, की ब्रेकचे कोणी विचारत नाही, रस्त्याचे कोणी विचारत नाही. बाईवर सगळे भागते.”

मग थोड्या वेळाने तो आपण होऊनच बोलला. जुलैमध्ये तुमच्या महाराष्ट्राची बस खलघाटच्या पुलावरून नदीत पडली. इथल्याच इस्पितळात आणली माणसे. नातेवाईक आले, जळगावकडचे, अमळनेरकडचे. रात्रभर या बाकावर बसले होते. “आता दहा वर्षांनी पुलावर भूत दिसते म्हणून कोणी सांगेल. मी तर नावे ऐकली आहेत, साहेब. बाहेर पुकारत होते ना, एकेक नाव.”

त्या अपघाताची बातमी मीही वाचली होती. १८ जुलै २०२२ची सकाळ, इंदूरहून अमळनेरला निघालेली एस.टी. संजय सेतूचा कठडा तोडून नर्मदेत कोसळली, किमान बारा जण गेले. वाचून मी पान उलटले होते. आता त्याच बाकावर बसून, त्याच ग्लासातून चहा पीत, मी त्या माणसाकडे भुताची गोष्ट मागत होतो. हातातला ग्लास खाली ठेवला. पुढे काही विचारले नाही.

संध्याकाळी महेश्वरच्या घाटावर नावाड्याने विचारल्याशिवायच अश्वत्थाम्याची गोष्ट सांगितली. कपाळावर भळभळती जखम घेऊन तो अजून नर्मदेकाठी हिंडतो, परिक्रमावासीयांकडे तेल मागतो. मराठी परिक्रमावाल्यांकडून ही गोष्ट मी कितीदा ऐकली आहे. एरवी ती मी वहीत टिपली असती. त्या दिवशी मनात भलताच विचार आला. रात्री-अपरात्री भेटणारा, जखमेतून रक्त गळणारा हा माणूस, पण त्याला कुणी भूत म्हणत नाही. त्याला नाव आहे, बापाचे नाव आहे, महाभारतात त्याची सगळी नोंद आहे. म्हणून तो चिरंजीव. ज्याची नोंद नाही, ते भूत.

घरी परतल्यावर बरेच दिवस वही उघडली नाही. उलट दुसरेच एक जुने पुस्तक बाहेर काढले, १९१५ साली प्रसिद्ध झालेले, कोकणच्या लोकसमजुतींचे. त्याची जन्मकथाही चमत्कारिक आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन हा संस्कृतचा व्यासंगी. त्याने एक प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळी घातली. मागे राहिलेले कागद पुढे एन्थोवेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने लावले आणि छापले. मास्तरांनी पाठवलेली उत्तरे वाचताना मला नेहमी आपल्याच खात्याचा वास येतो. किती प्रकारची भुते आपल्या भागात आढळतात? त्यांची नावे, वस्तीची ठिकाणे, बाधा आणि उपाय. ब्राह्मण मेला तर कोणते भूत, शूद्र मेला तर कोणते, मुंज होऊन लग्नाआधी मेला तर कोणते. सवाष्ण मेली तर एक नाव, विधवा मेली तर दुसरे, बाळंतपणात मेली तर तिसरे. सगळे रकाने चोख भरलेले.

पूर्वी हे वाचताना मला कौतुक वाटे. या वेळी कारकुनाच्या डोळ्याला दिसले की एक रकाना मुळात आखलेलाच नाही. मेलेल्या माणसाचे नाव. आणि मास्तरांना तरी का हसावे? माझ्या वहीत तरी तो कुठे होता?

सात नंबरच्या गोष्टीवर आलो आणि चवथीच्या रात्री भिंतीला हात लावत आत गेलेली आते डोळ्यांपुढे उभी राहिली. पुढच्याच रविवारी गावी गेलो. आते पडवीत सुपारी कातरत बसली होती. मी इकडचे तिकडचे बोलून हळूच विचारले, “आते, तळीवरची ती आल्वंतीण…”

“ती आमचीच रे,” आते म्हणाली. अडकित्ता चालूच.

तिने सांगितले ते असे. आल्वंतीण म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. आतेने तिला पाहिलेले नव्हते, आतेच्या जन्माआधी ती गेली. पण आतेच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, ते सगळे डोळ्यांनी पाहिले होते. नव्याने सून म्हणून आली होती ती. नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, वय सतरा-अठरा. आषाढातली रात्र, व्हाळ भरून वाहणारा. संध्याकाळी तिचे डोके भयंकर दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग झटके. दात घट्ट मिटलेले, डोळे पांढरे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, बाधा झाली. दिवेलागणीला तळीवर गेली होती ना, तिथलेच काहीतरी लागले. माणूस धाडला तो घाड्याकडे. घाडी आला, तांदूळ टाकले, नारळ फोडला, धुरी दिली. वैजिणीकडे माणूस गेला तो पहाटे. वैजीण आली तेव्हा सगळे आटोपले होते, आई आणि बाळ दोन्ही.

मी डॉक्टर नव्हे. पण गरोदरपणात रक्तदाब वाढून असे झटके येतात, आधी डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारते, हे आज आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्यातही लिहिलेले असते. त्या काळी वैजीण वेळेवर आली असती तरी ती वाचली असती असे मी म्हणू शकत नाही. व्हाळाला पूर होता, डॉक्टर लांब होता. पण ती रात्र तिच्याकडून काढून घेतली ती भुताच्या गोष्टीने. आणि ती गेल्यावर, घरातल्या कुणी ठरवून नव्हे, पण हळूहळू तिचेच भूत झाले. बाई आडवी आली म्हटले, की ब्रेकचे कोणी विचारत नाही. तळीवर आल्वंतीण आहे म्हटले, की त्या रात्री माणूस आधी कुणाकडे गेला हे कोणी विचारत नाही.

आजीने मला ती गोष्ट कितीदा सांगितली! स्वतः पाहिलेली गोष्ट, पण सांगताना बाईला नाव नाही, घर नाही. बाळोती मात्र प्रत्येक वेळी असायची. आता वाटते, तेवढे एक तिला गाळता आले नसावे. आजीला सांगायचे होते, ऐकणारा मी होतो आणि मी भूत ऐकले.

“नाव काय होते तिचे?” मी विचारले.

“नांव कित्याक जाय तुका?” आतेने मान वर केली. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिने नाव सांगितले. माहेरचे. सासरचे तिला ठाऊक नव्हते. सासर कुठले तेही नक्की नाही. तिच्या नवऱ्याने वर्षभरात दुसरे लग्न केले आणि येणे-जाणे तुटले. कारकुनी सवयीने मी पोर्तुगीज अमदानीतल्या नोंदींत काही सापडते का हेही पाहून आलो. पण वर्ष पक्के नाही, सासरचे नाव नाही, मग शोधणार तरी काय? कागदावर ती कुठेच सापडली नाही.

आता तुम्ही विचाराल, पुस्तकाचे काय झाले? सात नंबरची गोष्ट मी काढून टाकणार होतो. पण आतेच म्हणाली, काढू नकोस, खरी सांग. तेव्हा ती नव्याने लिहिली. तीत पाऊस आहे, व्हाळ आहे, घाडी आहे. उलटे पाऊल नाही. बाकीच्या तेवीस गोष्टींचेही एकेक करून तसेच चालले आहे. पिंपळावरचा मुंजा कुणाचा मुलगा, पाण्यातला गिऱ्हा होण्याआधी तिथे कोण बुडाले होते, हे विचारत गावातल्या म्हाताऱ्यांकडे जातो. काही हाकलून देतात. काहींना माहीत नसते. चार ठिकाणी नाव मिळाले. वेताळाला आणि देवचाराला मात्र मी हात लावलेला नाही. ते राखणदार आहेत, त्यांचा हिशेब वेगळा.

परवा कुणीसे म्हणाले, अशाने गोष्टींतली भीती जाईल. जाईना का! मला तर उलटे वाटते. सात नंबरची नवी गोष्ट मी ऑफिसातल्या त्याच मंडळींना वाचून दाखवली. कुणी किंचाळले नाही. पण एक बाई नंतर माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आमच्याकडेही एक होती.”

तिकडे त्या घाटाला पर्याय म्हणून नवा रस्ता काढून तो २०२४च्या अखेरीस सुरू केल्याचे वाचले. बरे वाटले. टपरीवाल्याची आठवण झाली. कुणीतरी ब्रेकचे विचारले म्हणायचे.

वेताळपंचविशीतली शेवटची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. बाप आणि मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे पाहतात. मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची, असे ठरवतात. पण मोठी पावले निघतात मुलीची आणि लहान आईची. मग बापाचे लग्न मुलीशी, मुलाचे तिच्या आईशी. पुढे त्यांना मुले झाली. वेताळ विचारतो, ती मुले एकमेकांची कोण? दर वेळी वेताळाला खांद्यावरून उतरू देणारा राजा इथे पहिल्यांदाच निरुत्तर होतो, मुकाट चालत राहतो आणि वेताळ प्रसन्न होतो. लहानपणी मला हा शेवट फिका वाटायचा. एवढी रक्ताळलेली कोडी सोडवली आणि शेवटी अडला कशावर, तर नात्याला काय म्हणायचे यावर!

२०२३च्या सर्वपित्रीला आमच्याकडे म्हाळ होता. भटजी एकेक नाव आणि गोत्र विचारत होते, मी सांगत होतो. आजोबा झाले, आजी झाली, काका झाले. मग मी तिचे नाव सांगितले. भटजींनी विचारले, “गोत्र?” लग्न झालेल्या बाईचे गोत्र सासरचे. मला ठाऊक नव्हते. भटजी म्हणाले, “ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचे.” आणि त्यांनी काश्यप गोत्रासह तिचे नाव मोठ्याने उच्चारले. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आधी त्या घरात ऐकू यायला हवे होते, तसे आले. आते दाराला टेकून उभी होती.

पंगत उठल्यावर मुलीने विचारले, “बाबा, ते नवीन नाव कुणाचे? ती माझी कोण?”

“तुझ्या आजोबांची आते,” मी म्हटले.